चोवीस वर्षं, चोवीस सेकंद

पोहता येतं का, असं कुणी विचारलं की मी "हो" म्हणतो, पण जरा चाचरतच. कारण माझं पोहणं विहिरीतलं. वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यात मामांचं वावर आहे, तिथल्या विहिरीत मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पोहायला शिकलो. पाठीला डबा बांधायचा, पायरीवरून कुणीतरी ढकलायचं, आणि मग जीव वाचवण्यासाठी जे काही हातपाय मारले जातात त्याला पोहणं म्हणायचं! पुढे डबा सुटला की सूर, मुटका आणि बुडी. बुडी खरी की खोटी हे ठरवायची रीत पक्की होती. तळाची माती मुठीत घेऊन वर यायचं. रिकाम्या हाताने वर आलं की काठावरून आवाज यायचा, "काऊन बे, माती कुठाय?"

विहीर वीस-पंचवीस फुटांची. त्यात शर्यत लागणार कशी आणि वेळ मोजणार कोण? जरा मोठे झालो तेव्हा पवनारला धाम नदीत गेलो, पण तिथेही स्टॉपवॉच नव्हतंच. पोहणं हा मोजायचा प्रकार आहे, आणि तोसुद्धा सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत, हे मला फार उशिरा कळलं. ज्याच्यामुळे कळलं तो कोल्हापूरचा वीरधवल खाडे. आजची गोष्ट त्याच्या दोन शर्यतींची आहे. त्यातली एक सगळ्यांच्या लक्षात आहे, आणि दुसरी, माझ्या मते जास्त मोठी असलेली, लोक विसरत चालले आहेत.

पण आधी थोडं बटरफ्लाय या प्रकाराबद्दल, कारण त्याशिवाय गंमत कळणार नाही.

बटरफ्लाय हा स्पर्धेतल्या चार प्रकारांमधला सगळ्यात धाकटा, आणि त्याचा जन्म झाला तोच मुळी नियमातल्या फटीतून. ब्रेस्टस्ट्रोकच्या नियमात हात पाण्याखालूनच पुढे न्यायचे असं कुठे लिहिलेलं नव्हतं. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या काही जलतरणपटूंनी ते हेरलं आणि दोन्ही हात एकदम पाण्याबाहेरून फेकायला सुरुवात केली. त्याच सुमारास आयोवा विद्यापीठात प्रशिक्षक डेव्हिड आर्मब्रस्टर आणि त्यांचा विद्यार्थी जॅक सीग यांनी दोन्ही पाय जोडून माशाच्या शेपटीसारखे मारायची पद्धत बसवली. हात आणि पाय एकत्र आले आणि ब्रेस्टस्ट्रोकपेक्षा कितीतरी वेगवान असा प्रकार तयार झाला. मग काय, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ब्रेस्टस्ट्रोकच्या शर्यतीत बहुतेक सगळे हात बटरफ्लायचेच मारत होते! शेवटी जागतिक संघटनेने हात टेकले आणि बटरफ्लायला वेगळं घर काढून दिलं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये तो पहिल्यांदा स्वतंत्र शर्यत म्हणून पोहला गेला.

आपल्या भाषेत सांगायचं तर एका बगचं फीचर झालं.

फटी शोधणारे तिथेच थांबले नाहीत. पाण्याच्या पृष्ठभागावर पोहताना शरीर लाटा तयार करतं आणि त्या लाटा करण्यातच बरीच ताकद खर्च होते. थोडं खोल गेलं की हा लाटांचा विरोध कमी होतो. म्हणजे भिंतीला लाथ मारून पाण्याखालूनच, पाय जोडून, सरपटत गेलं तर जास्त फायदा. रशियाचा डेनिस पांक्रातोव्ह हे करून १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये १०० आणि २०० मीटर बटरफ्लायची दोन्ही सुवर्णपदकं घेऊन गेला. सुरुवातीचा मोठा पल्ला तो पाण्याखालीच असायचा. प्रेक्षकांना सात माणसं दिसायची आणि आठवा थेट पुढे कुठेतरी उगवायचा! १९९८ मध्ये नियम आला की स्टार्टनंतर आणि प्रत्येक टर्ननंतर १५ मीटरच्या आत डोकं वर यायलाच हवं.

आता हिशोब बघा. ५० मीटरच्या तलावात ५० मीटरची शर्यत म्हणजे एक स्टार्ट, टर्न नाही. पाण्याखाली राहता येतं जास्तीत जास्त १५ मीटर, म्हणजे ३० टक्के. तीच शर्यत २५ मीटरच्या तलावात, म्हणजे ज्याला शॉर्ट कोर्स म्हणतात तिथे, घेतली की मध्ये एक भिंत येते. स्टार्टनंतर १५ आणि टर्ननंतर १५, असे ३० मीटर पाण्याखाली जाऊ शकतात. म्हणजे ६० टक्के! शिवाय भिंतीला लाथ मारून मिळणारा वेग वेगळाच. नाव तेच, अंतर तेच, पण शर्यत दुसरीच.

आकड्यांतही हे दिसतं. २०१८ साली जुलैमध्ये युक्रेनच्या आंद्री गोवोरोवने ५० मीटरच्या तलावात ५० मीटर बटरफ्लायचा जागतिक विक्रम केला, २२.२७ सेकंद. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्राझीलच्या निकोलस सांतोसने २५ मीटरच्या तलावात विक्रम केला, २१.७५. अर्ध्या सेकंदाचा फरक, आणि त्यात त्या भिंतीचा वाटा मोठा. या सांतोसची कहाणी भारी आहे. शॉर्ट कोर्सची जागतिक स्पर्धा १९९३ पासून भरते. डिसेंबर २०२२ मध्ये मेलबर्नला त्या स्पर्धेत त्याने हीच शर्यत २१.७८ सेकंदांत जिंकली, तेव्हा त्याचं वय होतं ४२. बेचाळीस! आपल्याकडे या वयात लोक गुडघ्याचा एक्स-रे काढतात. आणि एवढं असूनही त्याच्या नावावर ऑलिम्पिकचं एकही पदक नाही. त्याची लाडकी शर्यत ऑलिम्पिकमध्ये नव्हतीच. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर आता वीरधवल.

जन्म ऑगस्ट १९९१, कोल्हापूर. पुढे बंगळुरूला निहार अमीन यांच्याकडे सराव. २००८ मध्ये बीजिंग ऑलिम्पिकला गेला तेव्हा सतरा वर्षंही पूर्ण झाली नव्हती. तिथे १०० मीटर फ्रीस्टाईलमध्ये त्याने ५०.०७ सेकंदांत स्वतःची हीट जिंकली. पुढच्या फेरीत जागा मिळाली नाही, पण ऑलिम्पिकच्या तलावात भारताचा पोरगा आपल्या हीटमध्ये पहिला हे दृश्यच नवीन होतं.

मग नोव्हेंबर २०१०, ग्वांगझू, आशियाई क्रीडा स्पर्धा. पुरुषांची ५० मीटर बटरफ्लाय, मोठा तलाव, टर्न नाही, एका दमात संपणारी शर्यत. चीनचा चोऊ जियावेई पहिला, २३.६६. जपानचा मासायुकी किशिदा दुसरा, २४.१३. आणि तिसरा वीरधवल खाडे, २४.३१ सेकंद. रौप्य आणि कांस्य यांच्यात फक्त ०.१८ सेकंद, म्हणजे पाण्यात साधारण हातभर अंतर.

आशियाई स्पर्धेत पोहण्यामध्ये भारताला त्याआधीचं पदक मिळालं होतं १९८६ साली, सोलला. खजानसिंग टोकसचं २०० मीटर बटरफ्लायचं रौप्य. गंमत म्हणजे तेही बटरफ्लायच. मध्ये गेली चोवीस वर्षं. चोवीस वर्षांचा दुष्काळ चोवीस सेकंदांत संपला, असं म्हणायला छान वाटतं, आणि तेव्हा सगळे साधारण तसंच म्हणत होते.

पण चोवीस वर्षांनी एक पदक येतं तेव्हा ते व्यवस्थेचं फळ नसतं. एक मुलगा, त्याचे आईवडील, एक प्रशिक्षक आणि दुसऱ्या राज्यातला एक तलाव, एवढ्यांनी मिळून ओढून आणलेली ती गोष्ट असते. पुरावा हवा असेल तर पुढे बघा. २०१४ च्या इंचिऑनमध्ये पोहण्यात भारताला एकच कांस्य मिळालं, आणि २०१८ ची जाकार्ता व २०२३ मध्ये झालेली हांगझोऊ, या दोन्ही आशियाई स्पर्धांमध्ये एकही पदक मिळालं नाही. दुष्काळ संपला नव्हता, वळवाच्या एक-दोन सरी येऊन गेल्या होत्या. आम्हा विदर्भातल्या माणसांना यातला फरक समजावून सांगावा लागत नाही.

दुसरी गोष्ट अशी की ५० मीटर बटरफ्लाय ऑलिम्पिकमध्ये नव्हती. जागतिक स्पर्धेत ती २००१ पासून आहे, आशियाई स्पर्धेत आहे, पण ऑलिम्पिकमध्ये बटरफ्लाय म्हणजे १०० आणि २०० मीटरच. म्हणजे ज्या शर्यतीत आपला माणूस आशियात तिसरा होता, तिच्यातून ऑलिम्पिकला जायला रस्ताच नव्हता. सांतोससारखंच. तुम्ही किती चांगले आहात हा एक प्रश्न, आणि तुम्ही ज्यात चांगले आहात ते कुणी मोजायचं ठरवलं आहे का, हा अगदी वेगळा प्रश्न. अप्रेझलच्या मीटिंगमध्ये बसलेल्या कुणालाही हे पटेल.

२०११ साली अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे महाराष्ट्र सरकारने त्याला नोकरी दिली, तहसीलदाराची. मालवणला. सरकारने काही वाईट केलं असं मला अजिबात म्हणायचं नाही. आपल्याकडे खेळाडूला उद्याची भाकरी मिळणं हीच मोठी गोष्ट, आणि ती त्याला सन्मानाने मिळाली. पण तहसीलदार म्हणजे काय? सातबारा, फेरफार, दाखले, पंचनामे, मोर्चाचं निवेदन स्वीकारणं, निवडणूक आली की निवडणूक. रोज चार-पाच तास पाण्यात घालवणाऱ्या माणसाला आपण बक्षीस म्हणून खुर्ची दिली. मालवणला समोर अख्खा अरबी समुद्र आहे, पण समुद्रात टर्न मारायला भिंत नसते आणि लेनही आखलेली नसते. सराव मागे पडला, वजन वाढलं. सगळ्यांना वाटलं, झालं, संपला.

आणि इथून दुसरी शर्यत सुरू होते.

तो परत आला. पुन्हा बंगळुरू, पुन्हा सराव, वजन उतरवणं, पंचविशी उलटल्यावर विशीतल्या पोरांशी झुंजणं. ऑगस्ट २०१८, जाकार्ता. या वेळी ५० मीटर फ्रीस्टाईल. सकाळच्या हीटमध्ये त्याने २२.४३ सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम केला. आठ वर्षांपूर्वीचं पदक, मधली नोकरी, वाढलेलं वजन, हे सगळं पार करून वयाच्या सत्ताविशीच्या उंबरठ्यावर तो आयुष्यातलं सगळ्यात वेगवान पोहला होता!

अंतिम शर्यत झाली. चीनचा यू हेशिन २२.११. जपानचा कात्सुमी नाकामुरा २२.२०. तिसरा जपानचाच शुनिची नाकाओ, २२.४६. चौथा वीरधवल खाडे, २२.४७.

पुन्हा वाचा. २२.४६ आणि २२.४७. एक शतांश सेकंद. त्या वेगाला हे अंतर होतं सव्वादोन सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढं. आमच्या धंद्यात दहा मिलिसेकंद वाचले तर कुणी ढुंकूनही बघत नाही. आणि सगळ्यात टोचणारी गोष्ट म्हणजे सकाळचे २२.४३ त्याने पुन्हा मारले असते तर कांस्य त्याचंच होतं.

एक शतांश हा आकडा पोहण्याच्या इतिहासात पुन्हा पुन्हा येतो, आणि बटरफ्लायमध्ये तर फारच. १९८८, सोल ऑलिम्पिक, १०० मीटर बटरफ्लाय. अमेरिकेचा मॅट बिऑन्डी जिंकणारच होता. शेवटी भिंत अशा अंतरावर आली की आणखी एक हात मारायला जागा कमी आणि नुसतं सरकत जायला जागा जास्त. त्याने सरकायचं ठरवलं. सुरिनामच्या अँथनी नेस्टीने ५३.०० मध्ये भिंत गाठली, बिऑन्डी ५३.०१. सुरिनाम हा चिमुकला देश, तिथे तेव्हा ५० मीटरचा तलाव एकच होता असं सांगतात, आणि हे त्या देशाचं पहिलं ऑलिम्पिक पदक! वीस वर्षांनी, २००८, बीजिंग, तीच शर्यत. सर्बियाचा मिलोराद चाविच पुढे होता, शेवटी हात लांब करून सरकत गेला. मायकेल फेल्प्सने एक अर्धवट हात जास्तीचा मारला. ५०.५८ आणि ५०.५९. दोन्ही वेळी कारण एकच. बटरफ्लायमध्ये दोन्ही हात एकदम येतात, त्यामुळे भिंत अडनिड्या अंतरावर आली तर एका हाताने सावरून घ्यायची सोय नाही.

मग याहून बारीक का मोजत नाहीत? मोजलं होतं. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटर मेडलीत स्वीडनचा गुन्नर लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी शतांशापर्यंत बरोबरीत होते. मग सहस्रांश बघितले, आणि लार्सनला ०.००२ सेकंदांनी विजेता ठरवलं. पाण्यात ते अंतर होतं साधारण तीन मिलिमीटर! नंतर लोकांच्या लक्षात आलं की तलाव बांधतानाच लेनच्या लांबीत काही मिलिमीटर इकडेतिकडे होतात. म्हणजे आपण माणूस मोजतोय की गवंडीकाम, हेच कळेना. तेव्हापासून नियम असा की शतांशापर्यंत बरोबरी असेल तर दोघांनाही तेच पदक. मोजमापाला मर्यादा आहे हे मान्य करणारा हा नियम मला फार शहाणा वाटतो.

वीरधवलच्या वाट्याला तो शहाणपणा आला नाही. एक शतांश म्हणजे नियमाने खराखुरा पराभव. त्यात अन्याय काहीच नाही. अन्याय झालाच असेल तर तो आपल्या आठवणीत झाला. २०१० चं २४.३१ आपण लक्षात ठेवलं कारण त्याला कांसं लागलं होतं. २०१८ चं २२.४७ विसरलो कारण त्याला काहीच लागलं नाही. प्रकार वेगळे आहेत, त्यामुळे दोन आकडे थेट शेजारी ठेवता येणार नाहीत. पण माणूस तर एकच. पहिली शर्यत एकोणीस वर्षांच्या, सरावाच्या ऐन भरात असलेल्या मुलाची. दुसरी शर्यत सगळं सुटून गेल्यावर परत आलेल्या माणसाची. इतिहास लिहायचा झाला तर मी दुसरीला जास्त ओळी देईन.

पुढचं थोडक्यात सांगतो. जून २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे देशातले तलाव बंद होते, बाकी खेळ हळूहळू सुरू होत होते. तेव्हा त्याने जाहीरपणे लिहिलं की कदाचित निवृत्तीचा विचार करावा लागेल. ज्याच्याकडे तलावच नाही त्या जलतरणपटूने करायचं काय? तरीही तो थांबला नाही. २०२३ च्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत त्याने ५० मीटर फ्रीस्टाईलचं सुवर्ण जिंकलं. महिलांच्या ५० मीटर फ्रीस्टाईलचं सुवर्ण जिंकलं ऋजुता खाडेने, म्हणजे त्याच्या बायकोने. देशातला सगळ्यात वेगवान माणूस आणि सगळ्यात वेगवान बाई एकाच घरातले! राष्ट्रीय स्पर्धांचा निरोप त्याने तिथेच घेतला.

आणि एप्रिल २०२५ मध्ये बातमी आली की २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर बटरफ्लायचा समावेश होणार. वाचून मी क्षणभर थांबलो. ग्वांगझूच्या कांस्यपदकानंतर अठरा वर्षांनी त्या शर्यतीसाठी दार उघडतंय. सांतोसला उशीर झाला, वीरधवललाही झाला. पण आज कोल्हापूरला, पुण्याला, नागपूरला एखादी बारा-तेरा वर्षांची मुलगी किंवा मुलगा पहाटे पाचला थंड पाण्यात उतरून पाय जोडून ती शेपटी मारायला शिकत असेल, तर त्यांच्यासाठी हा रस्ता उघडा आहे. प्रश्न एवढाच की त्यांना मोजायला आपण तिथे असू का. तलाव, भिंत, घड्याळ आणि पहाटे पाचला काठावर उभा असलेला एक प्रशिक्षक.

यंदा उन्हाळ्यात वावरात गेलो होतो. विहिरीला आता जाळी बसवली आहे, पोरं पोहत नाहीत. मामा म्हणाले, "तुम्ही लई बुड्या मारल्या इथं." मला एकदम आमच्यातला एक जण आठवला. तो बुडी मारायचा तेव्हा आम्ही काठावर आकडे मोजायचो आणि शेवटी घाबरून मोजणं सोडून द्यायचो. मग तो शांतपणे वर यायचा, मूठभर काळी माती घेऊन. पाण्याखाली त्याच्याइतका वेळ राहणारं मी नंतर कधी कुणी पाहिलं नाही. बटरफ्लाय हा शब्दही त्याने ऐकला नसेल. किती सेकंद राहायचा? आता सांगता येणार नाही. घड्याळ नव्हतं ना कुणाकडे.

असो. पुढच्या शनिवारी भेटू.